मी बुजवलेल्या चौदा जाळ्या

सरकारी इमारत बांधणाऱ्या अभियंत्याचं नाव कधीमधी कोनशिलेच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत येतं. पाडणाऱ्याचं कुठेच येत नाही. माझी नोकरीतली बरीच वर्षं इमारती मोडीत काढण्यात गेली, त्यामुळे अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझं नाव कोरलेला एकही दगड तुम्हाला सापडणार नाही. सापडतील त्या मोकळ्या जागा. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं होतं, "मग, काय काय बांधलं तुम्ही आजवर?" मी घसा साफ करेपर्यंत आमच्या घरातून उत्तर गेलं, "ते पाडतात." सोयरीक झाली, पण व्याही अजूनही घरी आले की भिंतीपासून जरा लांब बसतात.

आमच्या कामाला कागदावर 'निर्लेखन' म्हणतात. इमारत जुनी झाली, वापरायला धोक्याची झाली की शाखा अभियंत्यानं जाऊन ती बघायची, अहवाल लिहायचा, वरच्यांच्या सह्या घ्यायच्या. मग दारं-खिडक्या, कौलं, सागाचे वासे यांचा लिलाव होतो आणि उरलेलं जेसीबी बघतो. म्हणजे इमारत खरी मरते ती माझ्या टेबलावर. बघण्याची साधनं अगदी गरीब. एक काठी, एक लांब खिळा, एक ओळंबा. काठीनं भिंत ठोकायची आणि आवाज ऐकायचा. खिळा सांध्यात खुपसायचा. तो लोण्यात गेल्यासारखा गेला तर कठीण आहे. बाकी सगळं डोळ्यांवर आणि थोडंफार नाकावर.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. अनसिंगचे एक गृहस्थ घराचा नकाशा काखेत मारून कचेरीत आले. घर खासगी, माझा काही संबंध नाही, असं दहादा सांगितलं. पण ते हटेनात. शेवटी त्यांच्या समाधानासाठी एका रविवारी गेलो.

"साहेब, घर पडून राह्यलं. धोकादायक हाय असा दाखला पाह्यजे."

भिंत ठोकली तर काठीच झिणझिणली. खिळा तर आत शिरायचं नावच घेईना.

"घर तर शंभर वर्षं टिकेल," मी म्हणालो.

गृहस्थांचं तोंड उतरलं. "असं नोका म्हनू, साहेब. मंग माहा भाऊ कसा निंघन घरातून?"

दाखला दिला नाही. भाऊ अजून तिथेच राहतो. मागे बसस्थानकावर दोघं एकाच बाकड्यावर चहा पिताना दिसले, तेव्हा मला बरं वाटलं.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मेडशीकडच्या एका शाळेच्या दोन खोल्या मी जीर्ण ठरवल्या. त्या जीर्ण नव्हत्या. छप्पर बदललं असतं तर चालल्या असत्या. पण नव्या खोल्या मंजूर झाल्या होत्या आणि जुन्या उभ्या असताना नव्या मिळत नाहीत. मी "वयोमानानुसार जीर्ण" असं लिहून मोकळा झालो. हे आमचं फार लाडकं वाक्य. त्यात कोणाचा दोष नसतो, कोणी प्रश्न विचारत नाही. पाडताना गावातली म्हातारी माणसं येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी मी जेवायला कोणाकडे थांबलो नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वाशीम शहरातल्या त्या बंगल्याची नेमकी खूण मी सांगणार नाही; वाशीमकर ओळखतील आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही. इंग्रजी राणीच्या काळात कोण्या गोऱ्या साहेबासाठी बांधलेला. मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, सगळीकडून व्हरांडा, बिडाच्या ओतीव खांबांवर तोललेला. छपराच्या कडेला लाकडी झालर. आत वऱ्हाडच्या उन्हाळ्यात साहेबाला नेमकी कशासाठी लागत होती देव जाणे, अशी एक शेकोटी, धुराड्यासकट. आणि मधोमध मोठा दिवाणखाना, त्याची जमीन सागवानी फळ्यांची. फळ्यांच्या खाली पोकळी होती, कमरेइतकी. शहरात त्या काळची आणखी पाच-सहा घरं होती. त्यातली दोन माझ्याच सहीनं गेली आणि बाकीची आपापली गेली. हे एकटं उरलं. काही वर्षं विश्रामगृह, मग कचेरी, मग निवडणुकीच्या पेट्यांचं गोदाम.

तिथे नवी कचेरी बांधायची ठरली. आमच्या कार्यकारी अभियंता मॅडम साताऱ्याकडच्या, कामाला चोख, बोलायला मोजक्या. त्यांनी मला बोलावलं.

"वानखडे, बंगला बघून घ्या. फळ्या खचल्यात, ओलीनं भिंतींना लोणा लागलाय, असं सगळेच सांगतात. जीर्ण असेल तर तसा अहवाल द्या. नसेल तर का नाही, ते लिहा. पंधरा दिवस."

माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने होते.

मी प्रल्हाद गवंड्याला सोबत घेतलं. प्रल्हाद कारंज्याचा, सत्तरीचा, चुन्याचं काम येणारा माझ्या ओळखीतला शेवटचा माणूस. बंगल्याची देखभाल दुर्गाबाई करायच्या. त्यांचा नवरा तिथला चौकीदार होता. तो गेल्यावर त्यांना ठेवून घेतलं. मागच्या आउटहाउसमध्ये राहायच्या. बंगला गेला की ती खोलीही जाणार होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.  तरी आम्ही गेल्यावर आधी चहा केला.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि फळी पायाखाली दबली. भिंतींचा गिलावा गुडघ्यापर्यंत फुगून पांढरा पडला होता, हात लावला की पापुद्रे हातात. कोंदट वास. मी मनात अहवाल लिहायला सुरुवातही केली. प्रल्हाद मात्र शिडी लावून वर चढला, छपराच्या लाकडी कैच्या ठोकल्या, खिळा मारला आणि खाली उतरून भिंतीच्या वरच्या भागाला कान लावून उभा राहिला.

"साहेब, ह्या घराले वरून काईच झालं नाई. पानी खालून चढून राह्यलं."

"नळ फुटला असेल."

"अथी नळच कुठी हाय?"

नळ नव्हता. गटार लांब. विहीर बुजलेली. आम्ही घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. जोत्याला चारी बाजूंनी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, त्याच्या पायथ्याशी सिमेंटचाच पट्टा. नीटनेटकं काम. मी तर मनात म्हणालो सुद्धा, की हे ज्यानं केलं त्यानं बरं केलं.

दुर्गाबाई चहाचे कप घ्यायला आल्या. आमचं चाललेलं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमी कायले डोकं खाजवून राह्यले? तथी जाळ्या व्हत्या ना."

"कुठे?"

"खाली. बिडाच्या. चारी अंगानं. माह्या लग्नाच्या सालची गोष्ट, तुमीच तं बुजवल्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "मीच म्हटलं व्हतं तुमाले. साप घुसते म्हून. लय भेव वाटे मले तवा."

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

मला खरंच आठवत नव्हतं. निदान त्या क्षणी मी स्वतःला असंच सांगितलं. कचेरीत परत आलो, जुन्या मोजमाप पुस्तिका काढल्या. मोजमाप पुस्तिका म्हणजे आमचा धर्मग्रंथ. केलेलं प्रत्येक काम त्यात मोजून लिहायचं आणि खाली सही करायची. दोन दिवस धूळ खाल्ली आणि ते पान सापडलं. अक्षर माझं. तरुणपणी फार वळणदार होतं. 'जोत्यातील निरुपयोगी जुनी छिद्रे विटा व सिमेंटने बुजवणे, चौदा नग. जोत्यास सिमेंट गिलावा.' आणि सही, लांब शेपटीची.

निरुपयोगी! तो शब्द माझाच. फळ्यांच्या खालच्या पोकळीतून वारा खेळावा, जमिनीची ओल त्या वाऱ्याबरोबर निघून जावी, म्हणून ज्यानं कोणी त्या चौदा जाळ्या ठेवल्या होत्या त्याला वऱ्हाडची काळी माती कळली होती. ती पाणी धरते आणि सोडत नाही. मी नुकताच डिप्लोमा करून आलेला, सिमेंटवर माझी श्रद्धा. घरात साप शिरतो म्हणून घराचं नाकच बंद केलं, आणि भिंतीतून ओल निघू नये म्हणून वर गिलावाही चढवला. शंभरावर वर्षं कोरडं राहिलेलं घर मी तीस-पस्तीस वर्षांत कुजवलं. आणि आता त्याच घराला वयोमानानुसार जीर्ण म्हणायला मीच गेलो होतो.

चार दिवस मी काही लिहिलं नाही. भीती कशाची होती ते सांगून टाकतो. निवृत्तीच्या तोंडावर खातेनिहाय चौकशी लागली तर सगळं अडकतं, आणि त्याहून म्हणजे निरोप समारंभात लोक बोलताना डोळे चुकवतात. हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. प्रल्हादनं एक वाट सुचवली.

"छिद्रं बुजेल हायत एवढंच लिवा ना. कोनं बुजवले, कायले सांगता?"

"मग मॅडम विचारतील, बुजवायच्या आधी घर कोरडं होतं कशावरून?"

त्याचं उत्तर फक्त त्या पानात होतं. त्याच पानावर खाली मी मोठ्या तोऱ्यात नोंद केली होती: 'भिंती कोरड्या, फळ्या सुस्थितीत.' घर वाचवायचं तर ते पान जोडायला हवं आणि पान जोडलं की सही आलीच. सही झाकून झेरॉक्स काढण्याचा विचार माझ्या मनात आला होता, हेही इथे कबूल करतो. त्या मशीनसमोर मी उभाही राहिलो होतो.

जाळ्या उघडून पाहाव्यात असा अहवाल दिला तेव्हा मॅडमनी तो दोनदा वाचला. मग ते पान उजेडाकडे धरलं.

"ही सही तुमची?"

"होय मॅडम."

"कोणी सांगितलं होतं बुजवायला?"

"कोणी नाही. अंदाजपत्रक माझं, काम माझं." दुर्गाबाईंचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी सापाची तक्रार केली होती, उपाय माझा होता.

 बाहेर कोणीतरी फाइल घेऊन आलं, त्याला मॅडमनी हातानंच परत पाठवलं.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे एक पावसाळा मागताय," त्या म्हणाल्या. "जाळ्या उघडा. पावसाळा संपताना मी स्वतः येईन. जमीन कोरडी असेल तर नवी कचेरी मागच्या मोकळ्या जागेत घेऊ. नसेल तर निर्लेखनावर पहिली सही तुमची. आणि त्या सहीचं काय करायचं," पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ते नंतर बघू."

'नंतर बघू' हे दोन शब्द घेऊन मी साडेचार महिने झोपलो, म्हणजे झोपलो नाही.

मे महिन्यात काम सुरू झालं. प्रल्हादनं छिन्नीनं पहिली वीट काढली तेव्हा आतून आलेला वास मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या हौदासारखा. बिडाच्या जुन्या जाळ्या विटांच्या मागे तशाच होत्या, मी त्यांना काढायचेही कष्ट घेतले नव्हते. आता त्यांना आतून बारीक तारेची जाळी लावली. सापाचा बंदोबस्त तेवढ्यानंच झाला असता. सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. प्रल्हादनं चुना भिजत घातला, गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं, आणि तो मळताना मला ऐकू जाईल अशा बेतानं मजुरांना सांगत राहिला.

"सिमेंट म्हंजे भितीच्या तोंडाले बोळा. चुन्यातून भीत दम घेते. शिकेल मानसाले हे उशिरा समजते."

मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

पाऊस लागला. मी दर शनिवारी जाऊन भिंतीवर ओल कुठवर आली तिथे पेन्सिलीनं रेघ मारू लागलो. पहिल्या महिन्यात रेघ वर चढली. चार बोटं!  नव्या चुन्यावरही पांढरा खार फुलला. प्रल्हादला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "आतलं भायेर येऊन राह्यलं. येऊ द्या. झाडून टाकत जा." दुर्गाबाई रोज सकाळी सुक्या फडक्यानं खार झाडायच्या. श्रावणात रेघ थांबली. मग एका शनिवारी ती खाली आली, अर्धं बोट. मी ती पेन्सिलीची रेघ तीनदा मोजली आणि दुर्गाबाईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, आणि म्हणाल्या, "मले तं बुधवारीच समजलं व्हतं."

याच दिवसांत जुन्या वास्तूंच्या यादीसाठीचा एक अर्ज माझ्याकडे आला. त्यात एक रकाना होता: 'वास्तूचे वारसा मूल्य'. त्यावर मी बराच अडलो. साहेबाचं घर, साहेब गेला. माझ्या पणजोबाला या व्हरांड्याची पायरी चढू दिली असती असं मला वाटत नाही. मग हा माझा वारसा कसा? दिवाणखान्याच्या भिंतीत, छताजवळ, एक छोटं गुळगुळीत भोक आहे. त्यातून पंख्याची दोरी बाहेर जायची. बाहेर व्हरांड्यात आपल्यातलाच कोणी दिवसभर ती ओढत बसायचा, आतली हवा आतल्यांसाठी. तो माझाच कोणी होता असं लिहिलं तर गोष्ट रंगेल, पण मला तसं काही माहीत नाही. मी प्रल्हादला विचारलं, हे घर कोणाचं म्हणायचं?

"साहेबानं काय बांधलं? साहेब तं खुर्चीवर बसला असन. चुना मळला आपल्याईनं, कौलं चढवले आपल्याईनं. राह्यला फक्त तो. लिवा, आमचं हाय."

मी रकान्यात लिहिलं, की या शहरात काळ्या मातीवर कोरडं घर कसं उभं करायचं हे दाखवणारं हे शेवटचं उभं उदाहरण आहे, ते इथल्या हातांनी केलेलं आहे, आणि दोरीचं भोक कृपया बुजवू नये. शेवटचं वाक्य सरकारी भाषेत बसत नव्हतं. तरी ठेवलं.

मॅडम येणार तो दिवस माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातला होता. वेळ दुपारी तीनची. मी बारालाच पोहोचलो. दुर्गाबाईंनी दिवाणखाना झाडून ठेवला होता. मी बूट काढले आणि अनवाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. कुजलेल्या फळ्या बदलल्या होत्या, जुन्या घट्ट बसल्या होत्या. पाऊल कुठेच दबलं नाही. जाळ्यांमधून आलेला वारा फळ्यांच्या फटींतून तळव्यांना लागत होता. जमिनीची पातळी डोळ्यांनी पारखावी म्हणून मी आडवा झालो, गाल फळीला टेकवून एक डोळा मिटला. सरळ. एकदम सरळ. दुसऱ्या बाजूनं बघावं म्हणून उताणा झालो. कैच्या दिसत होत्या, कौलांच्या फटीतून येणारा एक कवडसा दिसत होता.

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा कवडसा भिंतीवर गेला होता. मी धडपडत उठून बसलो. दाराशी माझ्या बुटांच्या शेजारी एक पायताण होतं. व्हरांड्याच्या पायरीवर मॅडम आणि दुर्गाबाई चहा पीत बसल्या होत्या. घड्याळात साडेचार.

"मॅडम, माफ करा. मला उठवायचं."

"मी उठवणारच होते," मॅडम म्हणाल्या. "या बाईंनी उठवू दिलं नाही."

दुर्गाबाईंनी पदर सावरला. "मी म्हटलं, मॅडम, यंत्र कायले लावता? ओल्या जमिनीवर मानूस असा घोरते काय?"

मॅडमनी तरी ओल मोजायचं यंत्र लावलं होतं. माझ्याभोवती फिरून, भिंतींना चारी बाजूंनी. अहवालावर त्यांचा शेरा लिहून झाला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला: इमारत जतन करावी, नवे बांधकाम मागील जागेत प्रस्तावित करावे. मी तो वाचला. डोळे भरून आले आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती विचारल्याशिवाय मला तिथून हलता येईना.

"मॅडम, त्या सहीची चौकशी?"

"झाली की."

"कधी?"

"आत्ताच. तुम्ही झोपला होतात." त्यांनी कप दुर्गाबाईंकडे दिला आणि पायताणात पाय सरकवले. "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, स्वतःच दुरुस्त केलंत, असा शेरा मारलाय. खाली माझी सही आहे. चला, येते मी."

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी व्हरांड्यात उभा होतो. मग हात मागे नेऊन पाठीवरून फिरवला. तीन-चार तास मी त्या फळ्यांवर पडून होतो. सदरा कोरडा होता.